एक प्लेट, दोन चमचे

५ जानेवारी, रविवार

आज सकाळी एका मुलीने दारात उभं राहून विचारलं, "तुम्हीच का त्या नीला गुर्जर?" 'त्या' म्हणण्यासारखं माझ्यात काही उरलंय हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. त्या आनंदात ही डायरी काढली आहे.

मुलीचं नाव क्षिप्रा. जिंतूरची आहे. समोरच्या इमारतीत पीजीत राहते आणि यूपीएससीचा अभ्यास करते, म्हणजे करोल बागेतली निम्मी मराठी मुलं करतात तेच. मराठी मंडळाच्या वाचनालयात अभ्यासाला म्हणून गेली आणि तिथल्या कपाटात तिला 'चवढव'चे बांधलेले अंक सापडले. भूगोल बाजूला ठेवून तेच वाचत बसली म्हणे.

'चवढव' हे आमचं मासिक. करोल बागेतल्या एका छापखान्यातून निघायचं, आणि तेही मराठीत! हेरंबराव संपादक, मी अर्धी उपसंपादक आणि अर्धी शिपाई. पाककृती, मसाल्यांच्या जाहिराती, आणि शेवटच्या पानावर माझं सदर, 'एक प्लेट, दोन चमचे'. दिल्लीत नवीन आलेल्या माणसाने खिसा हलका असताना कुठली बस पकडावी, कुठे उतरावं, काय बघावं, काय खावं. आम्ही नवराबायको दर रविवारी निघायचो. प्लेट एकच घ्यायचो, कारण दोन परवडत नव्हत्या. पुढे परवडायला लागल्या तरी एकच घेत राहिलो. दोघांनी खाल्ल्याशिवाय एक ओळ छापायची नाही, हा हेरंबरावांचा नियम होता. एकट्याची जीभ लाडावलेली असते, असं त्यांचं म्हणणं. मी लिहायचे आणि खाली चौकटीत नवऱ्याचे, म्हणजे ह्यांचे, दहापैकी गुण यायचे. ह्यांनी सहाच्या वर गुण कधी कुणाला दिले नाहीत. चावडी बाजारच्या एका हलवायाने मला एकदा हात जोडून विचारलं होतं, "बहनजी, ये मास्टरजी घर में भी ऐसे ही नंबर देते हैं क्या?" घरी चारच मिळतात, असं मी त्याला सांगितलं.

पुढे हेरंबराव गेले आणि मागोमाग मासिकही गेलं. वाचक फोनवर गेले.

क्षिप्राचं म्हणणं, मग तुम्हीही फोनवर या. "काकू, आम्ही इथं वर्षानुवर्षं राहतो आणि मेसचा राजमा सोडून दिल्ली म्हणून काही बघत नाही. तुम्ही लिहा ना परत. सगळं मी सेट करून देते."

मी नाही म्हणाले. ह्यांनी आतून दाढी करता करता ओरडून सांगितलं, "लिहील, लिहील ती!"

६ जानेवारी, सोमवार

नाही का म्हणाले ते इथे लिहून टाकते. दुसरीकडे लिहिण्याची सोय नाही.

मला वास येत नाही. चार वर्षं होत आली. त्या एप्रिलमध्ये हे हॉस्पिटलात ऑक्सिजनवर होते आणि मी घरात कोंडलेली होते, तेव्हा गेला. सगळ्यांचा जात होता, सगळ्यांचा परत येत होता, माझा आला नाही. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू आणि तिखटाची आग एवढं कळतं. बाकी सगळं बंद. हिंग नाही, तूप नाही, वेलची नाही. माणसाला वाटतं चव जिभेत असते, तसं नसतं.

हे घरी आले त्या दिवशी मी कांदा परतत होते. काठीवर रेलून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "काय वास सुटलाय गं!" मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाला काय सांगायचं? मी म्हटलं, हो ना. त्या 'हो ना'वर आजवर संसार चाललाय. स्वयंपाक मापाने करते, चुकत नाही. ह्यांना पत्ता नाही.

पण खाण्यावर लिहायचं म्हणजे आंधळ्याने चित्रांवर लिहिण्यासारखं आहे.

८ जानेवारी, बुधवार

एक युक्ती सुचली. प्लेट एकच असते आणि चमचे दोन असतात. ह्यांनी खायचं, मी ह्यांना बोलतं करायचं, आणि घरी येऊन लिहायचं. जीभ त्यांची, हात माझा. फसवणूक आहे का? असेल. पण ह्यांच्यासारखी कडक जीभ दिल्लीत दुसरी नाही, तेव्हा वाचकाचं नुकसान काहीच नाही.

क्षिप्राला हो सांगितलं. तिने व्हॉट्सॲपवर सोय करून दिली आहे. मी लिहायचं, ह्यांच्या फोनवरून सगळ्यांना जायचं. "उत्तरं मी बघीन," हे म्हणाले. "तू लिहिण्याकडे लक्ष दे. लोकांचं बघत बसलीस की तुझं डोकं फिरतं." हे खरंच आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

पानिपत. दिल्लीतली मराठी माणसं आजच्या दिवशी काला आंबला जाऊन डोकं टेकवून येतात; सदराचा पहिला लेख त्याच वाटेवरचा हवा असं ठरलं. सकाळच्या पॅसेंजरने गेलो. स्मारकापाशी महाराष्ट्रातून आलेली मुलं भगवे फेटे बांधून घोषणा देत होती. आपली माणसं तिथे उपाशीपोटी लढली, आणि आपण तिथून निघून पराठ्यावर लोणी किती ते बघायचं, याची मला दर वेळी थोडी लाज वाटते. लाज वाटते आणि भूकही लागते.

जीटी रोडवरचा आमचा ढाबा आता दुमजली झालाय. बाजा गेल्या, खुर्च्या आल्या. पराठा आला, वर पांढरा गोळा. मी तुकडा तोंडात घातला आणि ह्यांच्याकडे बघितलं. एवढी धडधड मला बघायला आलेल्या मंडळींसमोर झाली नव्हती. हे चावत राहिले. बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "तसाच आहे गं."

"लोणी?"

"घरचं. ताकाचा जरासा आंबूस वास आहे अजून. तुला नाही आला?"

"आला ना," मी म्हटलं. "मला वाटलं मलाच येतोय."

लोणी टाळ्याला चिकटून बसलं होतं. थंडीमुळे असेल. ह्यांनी वर दोन ग्लास चहा घेतला आणि गुण दिले, आठ. आठ! मी गाडीत बसेपर्यंत हसत होते. म्हातारपणी माणूस विरघळतो तो असा.

१९ जानेवारी, रविवार

पानिपतचा लेख गेला. ह्यांनी फोनवरची उत्तरं चष्मा लावून वाचून दाखवली. 'काकू, वाचूनच पोट भरलं.' 'घरची आठवण आली.' एकही खवचट नाही. मराठी वाचक इतका कधी सुधारला?

आज चावडी बाजार. मेट्रोतून बाहेर पडलं की गल्लीच्या तोंडाशी बनवारीची बेडमी-आलू, म्हणजे डाळ भरलेली पुरी आणि बटाट्याची भाजी. बनवारी आता भिंतीवर आहे, हारासकट. नातू बसतो. पुरी मशीनवर लाटतात आणि मेन्यूत चीजही आलंय. मी जरा हिरमुसले. पण प्लेट आली ती सोन्याच्या रंगाची, कुरकुरीत.

हे म्हणाले, "हिंग बघ. बनवारीचाच हात. डाळीत बडीशेप भरडून घातलीये, ती मागून येते."

बडीशेप मागून येते! हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिणार आहे. अर्धी पुरी ह्यांनी माझ्याकडे सरकवली, "तू खा, तुला आवडते." संपूर्ण संसारात ह्या माणसाने बेडमी सोडलेली मी पाहिली नव्हती. प्रेम वाढतंय म्हणायचं.

गुण आठ. रात्री जेवले नाहीत, पोट जड झालं म्हणाले.

२ फेब्रुवारी, रविवार

दरीब्याला दौलत की चाट. थंडी सरली की मिळत नाही, म्हणून घाई केली. दुधाचा फेस नुसता, जिभेवर ठेवला की गेला. मला तरी नेहमीसारखीच लागली. ह्यांनी गुण दिले सहा. बेडमीला आठ आणि हिला सहा? मी भांडले. "जे आहे ते आहे," म्हणाले. स्वभाव पूर्ण गेलेला नाही तर!

२३ फेब्रुवारी, रविवार

किनारी बाजार, कचोरी. "तसंच आहे" हे ह्यांच्या तोंडून ऐकलं की मला हायसं वाटतं. मला भीती होती, सगळं बदललं असेल. रस्ते बदलले, माणसं बदलली, बसेस हिरव्याच्या लाल-निळ्या झाल्या, हवा तर बोलायलाच नको. पण चव तशीच आहे. जगात एवढी एक गोष्ट धरून ठेवण्यासारखी राहिली, आणि ती आमच्या शहराने धरून ठेवली.

मी घरी येऊन एका बैठकीत लिहिलं. कुठून शब्द आले कळलं नाही. हे कचोरी म्हणाले आणि माझ्या नाकाला तळणीचा वास आला, खरोखर आला, आठवणीतून का होईना. लग्नानंतरची पहिली थंडी, माझी राखाडी शाल, ह्यांच्या मिशीला लागलेली चटणी. क्षिप्रा म्हणाली, "काकू, जुन्या अंकांपेक्षा भारी लिहिताय तुम्ही आता." मलाही तसंच वाटतंय, पण आपल्या तोंडाने कसं म्हणायचं!

९ मार्च, रविवार

आज जायचं रद्द. ह्यांचं पोट बिघडलंय. हल्ली दर सोमवारी बिघडतं. डॉक्टर म्हणाले, बाहेरचं बंद करा. ह्यांनी डॉक्टरलाच गप्प केलं, "वो नहीं हो सकता डॉक्टर साहब, मिसेस का काम है." बाहेर आल्यावर मी म्हटलं, राहू दे हो, महिनाभर थांबू. तर माझ्यावरच ओरडले, "अजिबात नाही! तू परत तशी खिडकीत बसणार नाहीस."

तशी म्हणजे कशी? मी खिडकीत बसले तर कुणाचं काय जातं?

१२ मार्च, बुधवार

ह्यांचं नवीन खूळ. गॅसची शेगडी काढून टाकली, सिलिंडर परत केलं आणि विजेची शेगडी आणून बसवली. स्वच्छ असते म्हणे, आपोआप बंद होते म्हणे. त्यावर फुलका नीट फुगत नाही हे ह्यांना कोण सांगणार. भांडण केलं, पण हे ढिम्म हलले नाहीत. निवृत्त अधिकाऱ्याच्या हातात वेळ आला की तो घरात सुधारणा करत सुटतो.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारली. क्षिप्राला जेवायला बोलावलं होतं. श्रीखंडात केशर घातलं ते रंग बघून. ह्यांनी वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि म्हणाले, "वेलची छान लागली." वेलची घालायची मी विसरले होते. पूड तशीच डब्यात राहिलेली संध्याकाळी सापडली. सवयीने म्हणाले असतील.

२० एप्रिल, रविवार

ऊन तापलंय. तरी कमलानगरला जाऊन आलो, छोले-कुलचे. लग्न ठरल्यावर ह्यांनी मला पहिल्यांदा बाहेर नेलं ते तिथे. हातगाडीच्या जागी आता काचेचं दुकान आहे. मी कॉलेजच्या भिंतीकडे बघत बसले होते. मागे वळून पाहिलं तर हे प्लेट हातात धरून डोळे पुसत होते.

"काय झालं?"

"मिरची," म्हणाले.

मिरची मला कळते. छोले अजिबात तिखट नव्हते. माझ्या लक्षात आलं, ह्यांनाही तो पहिला दिवस आठवला असणार. पुरुष कबूल करत नाहीत. मी ह्यांचा हात धरला, भर रस्त्यात, ह्या वयात. गुण मिळाले नऊ. 'चवढव'च्या सगळ्या इतिहासात नऊ नाहीत. मला फार सुख वाटलं. घरी येऊन तसंच लिहिलं आणि लिहिताना रडले.

२५ मे, रविवार

क्षिप्राची पूर्वपरीक्षा. सकाळी दही-साखर हातावर ठेवली. संध्याकाळी म्हणाली, बरी गेली. इतके महिने अभ्यासापायी कुठे फिरकली नाही, आता तिचे वडील तिला न्यायला येतायत. बाबा पहिल्यांदाच दिल्ली बघणार आहेत. "काकू, लाल किल्ला दुरून दाखवीन. बाकी दिवसभर तुमच्या लेखातलीच दिल्ली दाखवणार. बेडमी, कचोरी, सगळं."

मला इतका आनंद झाला. हे मात्र म्हणाले, "उन्हाळ्यात कशाला बाहेरचं? लिंबू सरबत पाज, किल्ला दाखव, परत आण. जेवायला इथे या." किती वेळा तेच म्हणाले! शेवटी मी चिडले. कुणी माझं लिहिलेलं वाचून बापाला घेऊन निघालंय, तर ह्यांना त्यात मोडता घालायचाय.

८ जून, रविवार

संध्याकाळी क्षिप्राचे वडील येऊन गेले. ज्ञानोबा नाव. जिंतूरला किराणा दुकान आहे. टोपी मांडीवर ठेवून खुर्चीच्या कडेला बसले. सकाळपासून दोघं माझ्या वाटेने फिरले होते.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"लई छान," म्हणाले. "तुमचं लिखाण पोरीनं वाचून दाखवलं मेट्रोत. डोळ्यासमोर उभं राहतं, ताई. लई छान."

"आणि बेडमी?"

"छान, छान." चहाला मात्र हात लावला नाही. उन्हाने चेहरा उतरला होता. क्षिप्रा नुसती खाली बघत होती. हे उठून आत गेले ते ती माणसं जाईपर्यंत बाहेर आले नाहीत. पाहुण्यांशी असं वागतात का?

९ जून, सोमवार

क्षिप्रा दुपारी एकटीच आली. हे बँकेत गेले होते. तिच्या वडिलांना उलट्या झाल्या, आता बरे आहेत, उद्याच्या गाडीने निघणार. हे सांगून ती तशीच उभी राहिली.

"काकू, रागावू नका. एक विचारू?"

"विचार ना."

"तुम्ही तिथं खरंच खाल्लं होतं ना?"

मला राग आला. म्हटलं, हे काय विचारणं झालं?

"मग तुम्हाला तेल कसं कळलं नाही? खवट होतं, काकू. प्लेट हातात घेतल्याबरोबर वास येत होता. बाबा दुकानदार आहेत, ते वासानंच म्हणाले, हे नको खाऊ. मग म्हणाले, ताईंनी एवढं लिहिलंय तर आपणच काहीतरी चुकत असू, आणि त्यांनी खाल्लं. मला वाटलं एखाद्या दिवशी होतं असं. पण कचोरीचंही तेच. रात्री मैत्रिणींना विचारलं, तर त्या मार्चमध्येच गेल्या होत्या, त्यांनीही काकांच्या फोनवर कळवलं होतं. बऱ्याच जणांनी कळवलं. मला वाटलं, तुम्ही वाचलं असेल."

वास येत होता. प्लेट हातात घेतल्याबरोबर येत होता. सगळ्यांना येत होता.

पोरीचे हात धरून मी तिला खरं सांगितलं. चार वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, आणि ते ह्यांना नाही, हिला म्हटलं. तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिलाही रडू फुटलं. मग म्हणाली, "पण काकांना तर येतो ना वास?"

१० जून, मंगळवार

सगळं लिहिणार आहे.

सकाळचा चहा झाला आणि मी विचारलं, "बेडमीचं तेल कसं होतं?"

ह्यांनी पेपर खाली ठेवला. काही क्षण मला वाटलं की अजूनही सांगतील, तसंच आहे गं. मग म्हणाले, "क्षिप्रा बोलली?"

"तुम्हाला माझं कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्याच उन्हाळ्यापासून. दूध करपून कोळसा झालं होतं आणि तू बाजूला उभी राहून कणीक मळत होतीस. ह्या मार्चमध्ये गॅसचं बटण उघडं राहिलं. मी अंघोळ सोडून धावत आलो. तू तिथेच पेपर वाचत बसली होतीस. काय बोलणार होतो मी?"

"बोलायचं होतं! मला आंधळी समजून फिरवत राहिलात दिल्लीभर!"

"तू सांगत नव्हतीस," हे म्हणाले. "तुला सांगायचं नव्हतं, मग मी कशाला काढून घ्यायचं तुझ्याकडून?"

मी वाटेल ते बोलले. माझं नाव घालवलंत म्हटलं, माझ्या हातून लोकांना विष खायला घातलंत, त्या भल्या माणसाचा जीव जाता. हे ऐकून घेत होते. मग हळूच म्हणाले, "पानिपतला तू तुकडा तोंडात घातलास आणि माझ्याकडे बघितलंस. तसं तू मला हॉस्पिटलच्या दारातून बघितलं होतंस, आत नेताना. मला 'नापास' म्हणवेना, नीला. म्हटलं, पुढच्या रविवारी सांगीन. पुढच्या रविवारी तू लिहायला बसलीस. इतक्या वर्षांनी लिहायला बसलीस."

मी म्हटलं, आता सांगा. सगळं सांगा, एकेक.

सांगितलं. पानिपतचं लोणी लोणी नव्हतंच, डब्यातलं काहीतरी होतं. बेडमीत हिंग नव्हता, बडीशेप नव्हती, तेल उकळून उकळून काळं झालेलं. बडीशेपेचं वाक्य माझ्याच जुन्या लेखातलं होतं. मी झोपले की हे जुने अंक काढून वाचायचे आणि रविवारी मला तेच शब्द परत द्यायचे. कचोरीत बटाटा उतरलेला. आणि कमलानगरचे छोले, ते डब्यातून काढून गरम केले होते. सोड्याचा वास येत होता. मिरची नव्हती.

"एकही ठिकाण नाही?" मी विचारलं.

बोटांवर रविवार मोजले. "दौलत की चाट बरी होती," म्हणाले. "पण तिला तशीही फारशी चव कुठे असते?"

हे ऐकून आम्ही दोघंही हसलो. लगेच मला इतकं रडू आलं की थांबेना.

माझा राग संध्याकाळपर्यंत टिकला नाही. माझी दिल्ली कालपर्यंत शाबूत होती. बनवारी, कचोरी, कमलानगरची हातगाडी, सगळं जागच्या जागी होतं, कारण हे मला ते दर रविवारी वाढत होते. ह्यांची दिल्ली मात्र एकेका रविवारी गेली. माझ्यासमोर बसून, तोंडात घास असताना गेली, आणि 'गेली' एवढं म्हणायचीही ह्यांना सोय नव्हती. मी तेव्हा हसत होते, गुण लिहून घेत होते.

११ जून, बुधवार

ज्ञानोबा सुखरूप पोचले. मी फोनवर माफी मागितली. "असू द्या ताई," म्हणाले. "पोरीनं दिल्ली दाखवली, ते राहिलं."

वाचकांना शेवटचं लिहिलं. लेखात सांगितलेल्या ठिकाणी जाऊ नका, ते खाणं आता तिथे मिळत नाही. लिहिणारीला वास येत नाही, हे तिने तुमच्यापासून लपवलं. सदर बंद करत आहे. ह्यांचा दोष लिहिला नाही. हे म्हणाले, माझंही नाव घाल. घातलं नाही. ह्या वेळी उत्तरं माझ्या फोनवर मागवली आणि सगळी वाचली, शिव्यांसकट.

१५ जून, रविवार

रविवार असून कुठे निघालो नाही. सकाळ सरता सरेना. हे उगीच मोजे शोधत होते, मग आठवल्यावर परत ठेवले.

दुपारी भात आणि कालची आमसुलाची आमटी गरम केली. ह्यांना पानावर यायला उशीर झाला, मी आधी सुरुवात केली. हे बसले, पहिला घास घेतला आणि थांबले. माझ्याकडे बघितलं. मी वर बघितलं नाही, पण जेवायचीही थांबले.

"नीला," म्हणाले, "आमटी विटलीये. खाऊ नकोस."

मला नुसती आंबट लागत होती, आमसुलामुळे. अर्धी वाटी संपली होती. हे उठले, माझ्यापुढचं ताट उचललं, वाटी, पातेलं, सगळं मोरीत नेऊन ओतलं.

मला धन्यवाद म्हणायचे होते. पण वेगळंच तोंडातून निघालं. मी विचारलं, "अहो, ह्या चार वर्षांत घरी अशी किती वेळा खाल्लीत?"

हे पाठमोरे उभे होते. पातेलं केव्हाच स्वच्छ झालं होतं तरी घासत राहिले, खांदे हलत होते. मी उठून नळ बंद केला.